रसना आणि परवाना

हरणीच्या भीडभंजन मारुतीचे शनिवारचे दर्शन आटोपून आम्ही घरी परतलो, तेव्हा ओट्यावर आमचा भाचा एकटाच बसला होता. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी, तो बारा वर्षे नोकरीनिमित्त राहतो. गेल्या पौषात तीन आठवड्यांच्या रजेवर तो आजोळी आला होता. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्याकडे संभाषण मधूनमधून थांबवावे लागते. असेच एक विमान डोक्यावरून गेले, आवाज विरला, आणि त्याने विचारले, "मामा, तुम्ही आयुष्यात कधी मद्याला शिवला नाहीत असे आई नेहमी सांगते. पण हे व्रत तुमचे, की सरकारचे?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर जिभेवर असावयास हवे. आमच्या जिभेवर ते नव्हते. त्या रात्रीपासून या प्रश्नाने आमचा जो पिच्छा पुरवला, त्याची ही हकीकत आहे.

आमच्या आजोबांनी गोवा सोडून बडोदे संस्थानात चाकरी धरली. पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. १ मे १९६० रोजी राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा दोन्ही वारसांच्या वाट्याला हा एकच कायदा आला. महाराष्ट्राने तो सैल केला. गुजरातने तो आवळून धरला. म्हणजे आमचा जन्म, शिक्षण, लग्न, वकिली, सगळे काही मद्यनिषेधाच्या छत्राखालीच झाले. ज्याच्या घरात तूप कधी आलेच नाही, त्याने तूप सोडल्याचे पुण्य मोजावे काय? मद्यादिकांकडे प्राण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असते, निवृत्ती मात्र मोठे फळ देते, असा मनूचा अभिप्राय आहे. परंतु प्रवृत्तीला वाट मोकळी असताना जो वळतो त्याचीच ती निवृत्ती. ज्याच्या वाटेवर पोलीस उभा आहे, त्याचे वळणे हा निव्वळ शहाणपणा झाला.

आता भाच्याविषयी. त्याला बिअरचा नाद आहे असे म्हटले, तर वाचकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहील ते त्याच्यावर अन्याय करणारे होईल. तो आठवड्यातून दोन वेळा, एक पेला, क्वचित दोन, इतकेच घेतो. पण त्या एका पेल्याविषयी तो तासभर बोलू शकतो. घरी तो स्वतः बिअर करतो. सातूला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट करतात. ते भरडून ऊन पाण्यात तासभर मुरवले की धान्यातील पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळायचा. आरंभी घातलेली फुले कडूपणा देतात आणि अखेरीस घातलेली सुगंध देतात, हे ऐकून आम्हाला स्वयंपाकघरातील फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांची आठवण झाली. मग निववून खमीर घालायचे आणि आठवडे दोन आठवडे वाट पाहायची. (हॉप आणि भांग या वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातील, हेही त्यानेच सांगितले. महाशिवरात्रीला भांगेकडे काणाडोळा करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे नाते कळवावे की नाही, याचा निर्णय आम्ही राखून ठेवला आहे.)

अमेरिकेतील ही कारागिरीची बिअर कशी जन्मास आली, ती कथा आम्हाला विशेष उद्बोधक वाटली. कारण तिच्या मुळाशी दारूबंदीच आहे. जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत त्या देशात घटनादुरुस्तीने दारूबंदी होती. तिच्यापूर्वी तेथे तेराशेच्या आसपास बिअरचे कारखाने होते, गावोगावच्या चवी निराळ्या होत्या. बंदी उठली तेव्हा तग धरून राहिले ते मुख्यतः मोठे कारखानदार, आणि त्यांनी पुढील चाळीस वर्षांत सबंध देशाला एकाच फिकट, पाणचट, बर्फासारख्या थंड बिअरची सवय लावली. १९७० नंतरच्या दशकाअखेर कारखान्यांची संख्या शंभराच्याही खाली आली होती. घरी बिअर करणे तर बंदी उठल्यावरही गुन्हाच राहिले. तो गुन्हा संघराज्याच्या कायद्यातून काढण्यास ऑक्टोबर १९७८ उजाडावा लागला, आणि त्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतील बंद पडू घातलेला अँकर कारखाना हाती घेतला होता. १९७६ साली जॅक मॅकॉलिफने सोनोमा येथे न्यू आल्बियन हा चिमुकला कारखाना काढला; तो सहा वर्षांत बुडाला. १९८० साली केन ग्रॉसमनने चिको गावी सिएरा नेव्हाडा सुरू केला, तो तरला. ओरेगनमध्ये संशोधकांनी वाढवून १९७२ साली प्रसृत केलेल्या कॅस्केड जातीच्या हॉपने या नव्या बिअरला तिचा स्वतःचा गंध दिला. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत. त्यांतले बहुतेक इतके लहान की मालक स्वतःच भांडी घासतो.

ही लाट आपल्याकडेही येऊन पोचली आहे. २००९ साली पुण्यात डूलॅली नावाचा छोटा कारखाना निघाला. या नावाचा उगम नाशिकजवळचे आपले देवळालीच होय. तेथील छावणीत जहाजाची वाट पाहून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या सोल्जरांवरून इंग्रजीत तो शब्द रूढ झाला. २०१२ साली मिशिगनमधील ॲन आर्बर गावच्या कारखान्याची शाखा बंगळुरास आली आणि पुढे त्या नावाची बिअर गोव्यातही होऊ लागली.

भाच्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हा रसास्वादच आहे. बडोद्याच्या दरबारात फैयाजखाँसाहेब गात, तेव्हा श्रोता कानाने जे करी, तेच आपण जिभेने आणि नाकाने करतो. आम्हाला हा युक्तिवाद प्रथमदर्शनी बरा वाटला. आपल्या परंपरेने रसनेला कधी तुच्छ मानलेले नाही. नैवेद्याच्या पानातील मीठ-लिंबाची जागासुद्धा आपण ठरवून ठेवली आहे. परंतु उलटतपासणी हा आमचा धंदा. आम्ही विचारले, "गाणे ऐकून कान अधिक तल्लख होतो. तुझ्या तिसऱ्या पेल्यानंतर जीभ तल्लख राहते काय?" तो हसून म्हणाला, "नाही. म्हणून तर तिसरा घेत नाही." उत्तर चोख होते. चवीसाठी पिणाऱ्याला चवीनेच एक मर्यादा घालून दिलेली असते; ती ओलांडणारा आपल्याच तोंडाने आपला दावा खोटा ठरवतो.

आम्ही दुसरा प्रश्न टाकला. मद्यार्क जवळजवळ काढून टाकलेली कारागिरीची बिअरही हल्ली अमेरिकेत मिळते, हे त्यानेच सांगितले होते. मग तेवढ्यावर भागते काय? या वेळी त्याने उत्तराला वेळ घेतला. "तीही घरात असते, मामा. चांगली असते. पण काहीतरी राहून जाते. अर्धा पेला झाल्यावर खांदे जरा सैल होतात, समोरचा माणूस जरा अधिक आवडू लागतो. तेही मला हवे असते. ते नको असे म्हटले तर खोटे ठरेल."

साक्षीदाराने स्वतःच्या विरुद्ध दिलेला जबाब बहुधा खरा असतो. त्याच्या या कबुलीने आमचा त्याच्यावरील विश्वास वाढला आणि त्याचा पक्ष दुबळा झाला. कारण खांदे सैल होणे हीच ती जागा आहे, जेथून दोन वाटा फुटतात.

त्यांपैकी दुसरी वाट बडोद्याने फार जवळून पाहिली आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते याच शहरी. त्याचा नायक सुधाकर आमच्याच धंद्यातला, बुद्धिमान आणि मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ हिरावली जाते, आणि तळीराम त्या दुःखावर पहिला पेला पुढे करतो. सुधाकर रसिक नव्हता असे कोण म्हणेल? त्याला चव नको होती, विसर हवा होता, असा भेद भाचा करील, आणि तो खराही आहे. पण पहिला पेला हाती घेताना आपण चवीसाठी घेत आहोत की विसरासाठी, हे माणसाला कळतेच असे नाही.

आमच्या घरात हा प्रश्न नाटकातला नव्हता. आमच्या वडिलांचे धाकटे बंधू, आमचे काका, मोठे हौशी, पेटी सुरेख वाजवीत. गिरणीतली नोकरी गेल्यावर ते पिऊ लागले. काय पीत, हे त्यांनाही ठाऊक नसावे. या राज्यात गरिबाची दारू प्लास्टिकच्या पोटलीतून येते, आणि पोटलीवर नाव नसते, गाव नसते, प्रमाण नसते. ते अंधारात, घाईघाईने, एका दमात घेऊन टाकायचे असते. १९९४ साली, आम्ही शाळेत असताना, ते वारले. वडिलांनी त्यांच्यासाठी दार बंद केले होते. पेटी अजून माळ्यावर आहे. त्या वर्षी आईने आम्हाला देवापुढे बसवून जे वदवून घेतले, त्याला आम्ही पुढे व्रत म्हणू लागलो.

भाच्याच्या घरच्या डब्यावर तयार केल्याची तारीख असते, मद्यार्काचे प्रमाण असते, हॉपच्या जातीचे नावसुद्धा असते, आणि करणाऱ्याचे नाव तर अभिमानाने छापलेले असते. काकांच्या पोटलीवर काहीच नव्हते. २०२२ च्या जुलैत बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत अशाच पोटल्यांतून मिथाइल अल्कोहोल पोटात जाऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. जे लपून प्यावे लागते त्याची चव कोणी पाहत नाही, आणि ज्याची चव पाहिली जात नाही त्यात विष मिसळलेलेही कळत नाही. अमेरिकेत बंदीने चव मारली, येथे माणसे मारली.

म्हणून बंदी उठवावी असे आम्ही म्हणतो काय? इतका सरळ निष्कर्ष आम्हाला काढता येत नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेध हे राज्याच्या धोरणाचे दिशादर्शक तत्त्व मानले आहे, आणि ते उगाच नव्हे. शनिवारी पगार घेऊन नवरा थेट घरी आला, तर त्याची किंमत कळते ती त्या घरातल्या बाईला. आमच्यासारख्यांना ती ऐकून माहीत. फ्राम बालसरा नावाच्या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुख्य भाग उचलून धरला. मात्र मादक पदार्थाची प्रशंसा करणे हाही गुन्हा ठरवणारी तरतूद भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. हे दोन पाने लिहिताना आम्ही निर्धास्त आहोत, ते त्या निकालाच्या आधारावर.

तथापि कायद्याची दृष्टी किती बोथट असते, हे आम्हाला रोज दिसते. दारूबंदीच्या खटल्यात आरोपीने काय चाखले हे कोणी विचारत नाही. रक्तात मद्यार्क शेकडा ०.०५ च्या वर आहे काय, एवढेच पाहिले जाते. परप्रांतातून आलेल्या पाहुण्यास परवाना मिळतो, आजाऱ्यास मिळतो, आणि डिसेंबर २०२३ पासून गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत काम करणाऱ्यांसही सवलत आहे. आमच्या भाच्याला तो परवाना सहज मिळाला असता. आम्ही सुचवलेही. तो म्हणाला, "मी परवाना काढून पिणार आणि तुम्ही समोर बसून पाहणार? दुसऱ्याला देता येत नाही ती बिअर कसली?" वकिलाला न सुचलेला मुद्दा या मुलाने काढला. प्रसाद एकट्याने खाऊ नये, असे आपणही म्हणतो.

धर्मशास्त्राकडे वळलो तर तेथेही सोपी सुटका नाही. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मनूने गौडी, पैष्टी आणि माध्वी अशा तीन सुरा सांगितल्या, आणि धान्याच्या पिठापासून होणारी पैष्टी हीच टीकाकारांनी मुख्य सुरा मानली. बिअर ही धान्याचीच. म्हणजे फेणीला एखादी पळवाट सापडेल, बिअरला नाही! उलट सौत्रामणी यागात सुरेची आहुती होती, आणि आपल्या गोव्यात देवचाराला सोरो-रोट वाहतात, कारवारला खाप्री देवापुढे दारू ठेवतात. ती भक्ती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आम्हाला निर्णायक वाटते ती शुक्राचार्यांची कथा, जिच्यावर खाडिलकरांनी 'विद्याहरण' लिहिले. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळली आणि गुरूंनी ती प्राशन केली. शुद्धीवर आल्यावर शुक्रांनी ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केले. ते मद्य चवीला वाईट होते अशी त्यांची तक्रार नव्हती, विटाळाचीही नव्हती. आपण काय पीत आहोत हे आपल्याला कळले नाही, आपला सर्वांत प्रिय शिष्य आपल्या पेल्यात होता आणि तो दिसला नाही, हे त्यांचे दुःख होते. ही कथा वाचताना आम्हाला माळ्यावरची पेटी आठवते.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. माघात कुलदेवतेच्या दर्शनासाठी आम्ही भाच्यासह गोव्यास गेलो. मंगेशीला अभिषेक झाला, प्रसाद झाला. तिसऱ्या दिवशी पणजीत एका खाणावळीत भाच्याने त्या ॲन आर्बरवाल्यांची बिअर मागवली. त्याने आम्हाला आग्रह केला नाही; पेला आमच्याकडे सरकवलाही नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण तळीराम आणि तो यांच्यातील अंतर आम्हाला तेथेच दिसले. गोव्यात पोलीस वाटेत उभा नव्हता. व्रत आमचे की सरकारचे, हे ठरण्याची वेळ आली होती. आम्ही दुसरा पेला मागवला आणि त्यातील अर्धी बिअर प्यालो.

आधी वास आला, आणि आम्ही चकित झालो. तो चतुर्थीच्या माटोळीचा वास होता: नुकत्याच सोललेल्या पपनसाच्या सालीचा. चव कडू, पण कारल्याच्या कडूपणासारखी एकदम येऊन जाणारी नव्हे; गोडाच्या मागून सावकाश येणारी, आणि घोट गेल्यावर थांबून राहणारी. भाचा ज्याला रस म्हणत होता ते काल्पनिक नव्हते. चांगले होते. ते चांगले नव्हते असे लिहिले असते तर हा लेख आमच्या वाचकांना अधिक रुचला असता, पण ती खोटी साक्ष झाली असती. अर्धा पेला तसाच ठेवला, कारण खांदे सैल होऊ लागले होते, आणि समोरचा माणूस अधिक आवडण्याऐवजी आम्हाला काका दिसू लागले होते.

गोव्यात घेतलेला घोट गुजरातेत गुन्हा होत नाही. कायद्याचा प्रश्न तेथेच मिटला. व्रत मोडले ते आमच्या मोकळ्या इच्छेने मोडले, आणि आश्चर्य असे, की ते आमचे होते हे आम्हाला त्या क्षणी प्रथम कळले. त्यानंतर आम्ही पुन्हा घेतलेले नाही, आणि आता त्यात सरकारचा वाटा पूर्वीइतका उरलेला नाही. परंतु मनाला लागले होते ते दुसरेच. हरणीला परतल्यावर आम्ही आईला सगळे सांगितले: अभिषेक, गर्दी, सोलकढी, मांडवीवरची वाऱ्याची झुळूक. एवढे सोडून. भाचा अमेरिकेला परत गेला तरी आम्ही गप्पच होतो. ज्या लपवालपवीने या राज्यात चव मेली असे आम्ही म्हणत होतो, तीच लपवालपवी देवघरातून स्वयंपाकघरात जाताना आम्ही रोज करत होतो. भाच्याच्या डब्यावर सगळे लिहिलेले असते. आमच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

फाल्गुनातल्या एका दुपारी आई तांदूळ निवडत असताना आम्ही शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकले. तिने हात थांबवला नाही. आईचा जन्म फोंड्याकडचा. काजूच्या दिवसांत भट्टीचा वास घरात येई, आणि लेकराला सर्दी झाली की छातीला फेणी चोळत, हे तिच्याकडून आम्ही शंभरदा ऐकले आहे. देवापुढे वदवून घेतलेल्या शब्दांची ती आठवण देईल, काकांचे नाव काढील, अशी आम्ही मनाची तयारी केली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत तिने विचारले, "कोडू आशिल्ली?"

कडू होती, असे आम्ही म्हटले, आणि पपनसाच्या वासाचेही सांगितले. तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, माळ्यावरची पेटी खाली काढ, उन्हाळ्यात भाते फाटतात.